उन्हातला टेस्टर

नाशिक रोड,
ता. ११ एप्रिल २०२५

ती. यादवमामांस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी सव्वाबाराला. गच्चीवर टाकीच्या मोटारीची वायर बदलत होतो. खाली मी भलताच स्विच पाडला होता. वर टेस्टर लावला, दिवा दिसला नाही, लाइन बंद आहे म्हणालो आणि दिनेशने वायर धरली. त्याचा उजवा तळवा भाजला. दोन महिने त्याला पक्कड धरता येणार नाही. दिनेश म्हणजे माझा मिस्त्री आणि अंजलीचा भाऊ; जिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यात सोडून वायरमन झालो असं तुम्ही चिडवता, ती अंजली. गच्ची त्यांच्या घरासमोरचीच होती.

त्यांच्या घरी सांगून बसलोय की मामांनी दिलेला टेस्टर जुना होता, त्याने दगा दिला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. टेस्टर खराबच होता, अशा दोन ओळी तुमच्या हातच्या पाठवा.

लहानपणी तो तुमच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला असायचा. तुम्ही तो बोर्डात घालून माझं बोट त्याच्या मागच्या टोकावर ठेवायचात, आत नारिंगी ठिपका पेटायचा आणि तो माझ्यामुळेच पेटला म्हणून मी घरभर सांगत फिरायचो.

रागवा, पण माया आटू देऊ नका.

आपला,
सुयश


वणी,
ता. १५ एप्रिल २०२५

चि. सुयश यास अनेक आशीर्वाद.

दिनेशच्या हाताचं वाचून तुझ्या मामीला घास गेला नाही.

दोन ओळी मागितल्यास, मी जास्तच लिहितो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत मी शिकाऊ वायरमन होतो, तेव्हा आमच्याकडे टेस्ट लॅम्प असायचा. होल्डरात साधा बल्ब, त्याला दोन वायरी. पेटला की लांबूनही कळायचं. टेस्टरचा ठिपका उन्हात दिसत नाही. म्हणून भिकन मिस्त्री आम्हाला त्यावर टोपीचा आडोसा धरायला लावायचे. एकदा मी कंटाळा केला, तर आठ दिवस नुसती शिडी धरायला ठेवलं. तेव्हा लय राग आला होता. आता ते आठ दिवस आठवले की बरं वाटतं.

तू आडोसा केला होतास का, हे पत्रात कुठं सापडलं नाही. समोरच्या गॅलरीत कोण उभं होतं, तेही नाही. घरात सावलीत लावून बघ. पेटला नाही तर ओळी देतो, वर नवा टेस्टर.

जेवत जा, आणि खुशाली कळवायला आळस करू नकोस.

तुझा,
मामा


नाशिक रोड,
ता. २० एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पलंगामागच्या बोर्डाला लावला. लगेच पेटला. त्या दिवशी आडोसा केला नव्हता. अंजली समोरच्या गॅलरीतून जेवायला हाका मारत होती आणि मी टेस्टर सोडून तिच्याकडे बघत होतो.

आज सकाळी त्यांच्याकडे गेलो. दिनेश डाव्या हाताने पोहे खात होता. सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मिस्त्री मी आहे, मीही बघायला हवं होतं." अंजली म्हणाली की चूक तिने त्याच दिवशी पोटात घातली असती. पण बारा दिवस ती कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, शिव्या देत होती, त्याचं काय करायचं. एरवी मी आवाज चढवला असता.

दिनेशची राहिलेली कामं मी उरकीन, असं म्हणालो. त्याने मान हलवली, तिने नाही. थांबावंसं फार वाटत होतं. उठलो, चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार हळू ओढून घेतलं.

आपला,
सुयश