हसला की एक फेरी

वेल्हे,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनी,

तुला, जावईबापूंना आणि चि. इंद्रायणीला अनेक आशीर्वाद. इकडे मी बरा आहे. गुडघे सकाळी कुरकुरतात, पण भात झोडून झालंय, थंडी गोड पडलीय आणि उन्हाला बसायला ओटा आहे. तक्रार नाही.

मोबाईलवरचा तुझा निरोप मी वहीत उतरवून ठेवला. "बाबा, इंद्रायणी आठ वर्षांची झाली. खो-खोचे सर म्हणतात पोरीत खेळ आहे, रोज पहाटे साडेपाचला सरावाला पाठवा. पाठवू का?" तुझी आई गेल्यापासून तू मला काही विचारलंस ते हे पहिलंच. अंगठ्यानं उत्तर देववेना, म्हणून पत्राला बसलो. हा चौथा कागद. आधीचे तीन चुलीत गेले.

आधी इकडची हकीकत सांगतो. दिवाळीनंतर शाळेच्या बाईंनी मला वाटेत गाठलं. "गुरुजी, चौदा पोरं आहेत, त्यांना तुमचा खो-खो शिकवा की." ट्रंकेतली पितळी शिट्टी चिंचेनं घासून गेलो. मैदान तेच, कडेचं बोरीचं झाड तेच. मला वाटलं, मीही तोच. पोरांना रांगेत बसवलं आणि सुरू केलं: पन्नास वेळा उठणं-बसणं, पन्नास वेळा खो देणं, मग खांबाला वळसा. चौथ्या दिवशी चौदातली पाच उरली.

त्या पाचांत दिपाली. वरच्या वाडीत शेरडं राखणाऱ्या आक्काबाईची नात. उठता-बसता ती खुदकन हसली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "हसला की एक फेरी!"

तुला ते वाक्य आठवतं. माहीत आहे मला.

तर दिपाली मैदानाला फेरी मारून आली आणि धापा टाकत म्हणाली, "गुर्जी, आजून एक मारू?" ते ऐकून बाकीची चार मुद्दाम हसायला लागली. पाचही पोरं फिदीफिदी हसत मैदानाभोवती पळाली. माझी शिक्षा त्यांना शिक्षा वाटलीच नाही. बोरीखाली उभा राहून मी बघत राहिलो.

त्या दिवसानंतर मी शिकवणं कमी केलं. दिपालीचा खांबाचा वळसा तर तसाच होता, जसा तुझ्याकडून मी महिनाभर घोटून घेतला होता. कुठं शिकलीस, विचारलं, तर म्हणते, "करडू खुट्याभवती पळतं. त्याला धरायचं तर आसंच वळाया लागतं." आता आम्ही करडू धरायचा खेळच खेळतो. एक पोर करडू, बाकीची मागं. मी मधूनच एखादं वाक्य टाकतो, "खांब हातानं धर, पाय बाहेर टाक." ते वाक्य त्यांना हवं असतं, कारण करडू हातचं सुटलेलं असतं. शेवटची दहा मिनिटं खरा सराव, तोही पोरांनीच मागितला तर. नऊ पोरं आपसूक परत आली.

परवा आक्काबाई भेटली. "गुर्जी, पोरगी घरी आली की नुसती हसती. तुमी शिकिवता का हसिवता वो?"

मला तुझ्या आईचे शब्द आठवले. "आवं, पोरगी आता घरातबी हसत न्हाई." आणि मी काय म्हणालो होतो, तर तिला एकाग्रता आलीय. वर्गात कविता शिकवताना मी मुलांना म्हणायचो, डोळे मिटा, शब्दांचं चित्र दिसू द्या. आणि घरातलं पोर मला दिसत नव्हतं.

आता ते लिहितो, ज्यासाठी तीन कागद जळाले.

भोरचं मैदान, डिसेंबर अठ्ठ्याण्णव. तू अकरा वर्षांची. शेवटचं मिनिट, शिवऱ्याच्या संघातली एक पोर तुझ्या पुढं. तू झेप घेतलीस, हात पोचला नाही, दोघी धुळीत पडलात. एकमेकींची मातीनं भरलेली तोंडं बघून दोघींना हसू फुटलं. तेवढ्यात वेळ संपली. आपण एका गुणानं हरलो. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "फेऱ्या मार! शिट्टी वाजवीपर्यंत थांबायचं नाही."

तू पळत राहिलीस. पडेपर्यंत. तुझ्या आईला मी सांगितलं, ऊन लागलं. तू पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाहीस. बाबांनी हरल्याच्या रागानं पडेपर्यंत पळवलं, असं तू आजवर समजत आलीस. मीही ते तसंच राहू दिलं. कडक बाप म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं होतं.

खरं तसं नाही, राजी. मी तुला विसरलो होतो.

बक्षीस समारंभात पाहुणे म्हणाले, गुरुजी, एखादी कविता होऊन जाऊ द्या. मी माईकपुढं उभा राहिलो. सहावीच्या पुस्तकातली, बालपणावरची कविता, चाल लावून, चारही कडवी. टाळ्या पडल्या. "आणखी एक" म्हणाले, आणखी एक म्हटली. मैदान माझ्या पाठीमागं होतं. शिट्टी खिशात होती. राग तर पहिल्या कडव्यालाच ओसरला होता. दुसऱ्या कवितेचं शेवटचं कडवं चालू असताना कुणीतरी ओरडलं, "आरं, पोरगी पडली!" आणि मला पहिल्यांदा वाटलं, कुणाची?

पाठवू का, हे मला विचारू नकोस. पण एक दिवस स्वतः जा, कडेला उभी राहा. पोरी हसतात का बघ, आणि हसल्यावर ते सर काय करतात ते बघ. आणि इंद्रायणी पळत असताना ते तिच्याकडं पाठ फिरवतात का, हे सगळ्यात आधी बघ. घरी आल्यावर ती हसायची थांबली, तर एक दिवसही वाट पाहू नकोस.

शिट्टी या पाकिटात घातली आहे. इकडं मी पोरांना आता हाक मारूनच थांबवतो. शिट्टीचं काय करायचं ते तू ठरव, फेकलीस तरी चालेल.

सव्वीस वर्षं तू मला पळतानाच दिसतेस. पुरे झालं, बाळा. थांब आता.

तुझ्याकडं पाठ करून उभा राहिलेला,
तुझा बाबा