रोपं मोजणाऱ्या बाया

१५ एप्रिल, मंगळवार. अमरावती

अनुपचा फोन. अकोल्याच्या माझ्या जुन्या बियाणे कंपनीचा मॅनेजर. मी निवृत्त झाले तेव्हा हा शाळा-कॉलेजात असेल. "मॅडम, प्रयोगशाळेत चुका वाढल्यात. तुमच्या वेळी होत नव्हत्या म्हणतात. चार दिवस येऊन पाहाल का?"

नव्हत्याच होत! सत्तावीस वर्षं उगवण तपासणी माझ्या हाताखाली होती.

जाणार. काल जयंतीच्या मिरवणुकीत चालून पाय सुजलेत. तरी जाणार.

१६ एप्रिल

सकाळची बस, मूर्तिजापूरवरून. अर्ध्या तिकिटात खिडकी मिळाली.

इमारत तीच. आत पाऊल टाकलं आणि थांबले — माझं लांब टेबल गेलं! उत्तरेच्या खिडकीखाली, आठ बाया समोरासमोर, मी टोकाला, मीही मोजत. आता प्रत्येकीला वेगळा खोका, मध्ये आडोशाची फळी, वर कॅमेरा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर नावं — चुका आणि वेळ कमी तर हिरवं, जास्त तर लाल.

काम मात्र तेच आहे. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करायची, उबेच्या कपाटात ठेवायची. ठरल्या दिवशी उघडून, रोपं ट्रेमध्ये घेऊन मोजायचं — चांगली रोपं किती, विकृत किती, मेलेलं बी किती. ऐकायला सोपं. पण मूळ आखूड, पानाला डाग — असलं रोप चांगल्यात धरायचं की विकृतात? तिथं माणसाचा कस लागतो.

वरचं ऑफिस त्याच पोत्यातलं बी पुन्हा तपासतं. आकडा जुळला नाही की नाव लाल. ज्योत्स्ना नावाची मुलगी तीन महिने लाल आहे. अनुप म्हणाला, "अहवाल मंगळवारी द्या. ज्योत्स्नाला ठेवायचं की काढायचं, तेही लिहा. तुम्ही म्हणाल तसं."

१७ एप्रिल

दिवसभर ज्योत्स्नाच्या मागे उभी राहिले. हिवरखेडची. माझ्यासारखीच वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. हात चांगला आहे, पण मध्येच थांबते. फळीवरून शेजारणीकडे पाहते.

"इकडेतिकडे काय पाहता?"

"मॅडम, हे रोप धरू का सोडू, समजून नाही राह्यलं. इचारू कोणाले? तिले इचारलं तं तिचा टाइम जाते, मंग तिचंच नाव लाल."

"विचारायचं कशाला? डोळे आहेत ना!"

तिचे डोळे भरले. नंतर अनुप हळूच म्हणाला — जानेवारीत आई गेली तिची.

माझ्या टेबलावर कोणी रडत नसे.

१८ एप्रिल

चव्वेचाळीस अंश. आत एसीची थंडी, बायांच्या अंगावर स्वेटर!

आमच्या वेळी वाळ्याच्या ताट्या होत्या. दुपारी कोणीतरी बादलीनं पाणी मारायचं, आणि वाळा, ओला कागद, सरकीचे कोवळे कोंब असा एकच वास भरून राहायचा. आज कपाटाचं दार उघडून नाक आत घातलं. थोडासा आला. ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.

१९ एप्रिल

अहवालाचा कच्चा मसुदा केला. माझा नियम पहिला — टेबलावर बोलणं बंद. बोलली की मेमो. मी आमच्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. या खुर्चीत मी चुकायची वाट पाहणारे पुष्कळ होते. चूक मला परवडत नव्हती, म्हणून माझ्या बायांनाही परवडू दिली नाही. कडक होते. काम चोख होतं.

उद्या माझ्या टेबलावरच्या मनकर्णाकडे जाईन. चौथी शिकलेली, पण टेबलापलीकडूनच विकृत रोप ओळखायची! तिचे दोन शब्द अहवालात घालते — त्या शांततेत काम कसं व्हायचं ते.

२० एप्रिल, रविवार

जुन्या शहरात मनकर्णाचं घर शोधायला अर्धा तास गेला. दारात मला पाहिलं आणि घाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, जणू मी मेमोच घेऊन आले.

"बाई! मी तं रिटायर हावो आता!"

खूप हसलो. भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. दुपारच्या डब्यातली तीच चव. पार्बता गेली, साधना नातवाकडे पुण्याला — एकेकीची आठवण निघाली. मग मी मुद्द्याचं विचारलं. शांततेनं काम चांगलं व्हायचं ना?

ती मग पदरात तोंड लपवून हसू लागली.

"बाई, रागावू नका. तुमी बोलू देत नव्हत्या. मंग शंका आली तं आमी का करावं? ट्रेखाली चिचोका ठेवो. शेजारीण समजून जाये, का इचं अडलं हाये. ते आपला ट्रे सरकवून इचा घेये, मोजे, अन् चिचोका परत करे."

"रोज?"

"रोज. आठीच्या आठी जणी. एक बी ट्रे एकीच्याच हातचा नव्हता बाई."

टेबलाखाली चिंचोके सापडायचे मला! प्रयोगशाळेत चिंचा खातात म्हणून तीन मेमो दिले होते. एक मनकर्णालाच.

"तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी चिचोके बी बंद केले असते!"

परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत डोळे मिटून बसले. झोप नव्हती. ते टेबल दिसत होतं. एवढी वर्षं टोकाला बसून मला जे दिसलं नाही, ते आज दिसत होतं — सरकणारे ट्रे.

२१ एप्रिल

मसुदा फाडला. नवा लिहिला. फळ्या काढा, एकच टेबल करा. शंका आली तर विचारण्याची मुभा द्या, त्या वेळेचा भुर्दंड नको. प्रत्येक ट्रे दोघींच्या नजरेखालून जाऊ द्या. नावं भिंतीवरून उतरवा. सत्तराव्या वर्षी स्वतःचाच नियम खोडणं सोपं नाही. खोडला.

ज्योत्स्नाचं मात्र वेगळं. विचारायला कोणी नाही हे खरं. पण बाकीच्यांनाही कोणी नाहीच ना! त्या तीन-तीन महिने लाल नाहीत. घरचं दुःख उंबऱ्याबाहेर ठेवूनच कामावर यायचं असतं. लिहिलं — 'हिला या कामावर ठेवू नये.' मेल उद्या सकाळी.

मनकर्णाला फोन केला. काय काय लिहिलं ते वाचून दाखवलं. ज्योत्स्नाच्या ओळीपाशी तिनं नुसतं "बरं बाई" म्हणून फोन ठेवला.

२२ एप्रिल

सकाळी सातलाच मनकर्णाचा फोन. "रातभर झोप नाही आली बाई. सांगू का नको सांगू... तुमच्या घरचे सर वारले ना, त्या उन्हाळ्यात तीन महिने तुमच्याच हातचे ट्रे चुकत होते. तुमी पाचाले घरी गेल्या का आमी ते पुन्हा मोजून तुमचा आकडा नीट करो. आठी जणीनं आन घेतली होती, का बाईले कधी समजू द्याचं नाही."

अहवाल अजून पाठवला नव्हता. ज्योत्स्नाची ओळ काढली. त्या जागी माझं नाव घातलं, त्या उन्हाळ्याचं साल घातलं, आणि लिहिलं — तीन महिने चुकत होती, हिलाही ठेवलं होतं.