वाडी वसुंधरेला, पंप जयवंतला

मी, सुभद्रा भालचंद्र चुरी, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार राजोडी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. वकिलांच्या कारकुनाने धंदा 'घरकाम' लिहिला होता. तो मी खोडायला लावला आणि चहा त्यानंतरच दिला. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून थोरला मुलगा जयवंत शंका घेणारच.

कलम १. केळीची वाडी, राहते घर व विहीर ही यजमानांनी रीतसर माझ्या नावे केली होती. ती सर्व माझ्या पश्चात धाकटी सून वसुंधरा सिद्धेश चुरी हिला एकटीला मिळावी. सिद्धेश वारल्यापासून वाडी तीच पिकवते. जयवंत विरारला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी मुंबईत करतो, आणि सरकारी अनुदान आले की माझ्या मुखत्यारपत्रावर तेवढ्यापुरता शेतकरी होतो. ते मुखत्यारपत्र मी रद्द केले आहे.

कारण नोंदवून ठेवते. पंपाच्या अनुदानासाठी पाहणीला साहेब आले, तेव्हा वसुंधरा गुडघाभर चिखलात पाट वळवत होती. साहेब तिला म्हणाले, "ओ बाई, शेतकऱ्याला बोलवा जरा." तीही शहाणी! म्हणते, "भाऊजी रविवारी असतात." रविवारी जयवंत इस्त्रीची पांढरी टोपी घालून पंपाशेजारी उभा राहिला, फोटो निघाला, अनुदान मंजूर झाले. धनादेश त्याने नेला. वसुंधरेच्या वाट्याला आली ती चिखल उडालेली टोपी, धुवायला.

कलम २. तो पंप जयवंतला द्यावा. पंपच, विहीर नव्हे. शेतीच्या स्वस्त विजेवर त्याने आमचे पाणी उपसून टँकरने विरारच्या इमारतींना विकले. उपसा इतका झाला की विहिरीत समुद्र शिरला. शेजारीण मटिल्डा म्हणाली, "सुभद्राबाय, तुमच्या पान्यात भात शिजवा नुसता, मीठ घालायला नको!" तेव्हा मी हसले. पण वाडीतल्या पानवेली करपल्या तेव्हा रडले. जयवंतला समजवायला गेले तर म्हणाला, "आई, तुला व्यवहार कळत नाही."

मग विहिरीत घूस मरून पडल्याची आवई टँकरवाल्यांत उठली. ती मी उठवली. घूस नव्हती. आठवडाभरात टँकर बंद झाले, आणि हळूहळू पाणी पुन्हा गोड झाले. मात्र जयवंतच्या इमारतीतही तेच पाणी जात असल्यामुळे थोरली सून ऋतिका हिने पाणी उकळून उकळून अख्खा सिलिंडर संपवला. तिला माझी मोहनमाळ द्यावी. ती बिचारी यात कुठेच नव्हती.

कलम ३. जयवंतला शेतकरी म्हणवून घ्यायची हौस आहे, ती मोडू नये. गॅलरीत कुंडीत लावायला त्याला राजेळी केळीचा एक मुनवा द्यावा. घड धरला तर त्याने खुशाल अनुदान मागावे.

कलम ४. तांब्याची घागर आपली आहे असे नणंद हंसा माझ्या लग्नापासून सांगत आली आहे. घागर तिची नाही. तरी तिला द्यावी. नवे भांडण शोधायला तिला जेवढा वेळ लागेल, तेवढी वसुंधरेला शांतता.

कलम ५. हे वसुंधरेसाठी. पोरी, मी गेल्यावर तू रडशील हे मला माहीत आहे. माझ्यासाठी मनापासून रडणारे दुसरे आहे कोण? पण घर पाहुण्यांनी भरेल आणि सगळे तुला चुलीपुढे बसवतील. बसू नकोस, स्वयंपाक ऋतिका बघेल. तू हा कागद घे आणि तडक तलाठ्याकडे जा. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव लावायचा अर्ज दे, पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. मग घरी ये आणि पोटभर रड.

ठिकाण: राजोडी
तारीख: १४ नोव्हेंबर २००३

(सही) सुभद्रा भालचंद्र चुरी

सुभद्राबाईंनी सारे वाचून पाहून आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. (सही) प्लासिड डाबरे, निवृत्त शिक्षक
२. (सही) मटिल्डा परेरा, धंदा शेती