सतरावी केस

४ जानेवारी १९८८, मुलुंड
आज नर्सिंग स्कूलमध्ये रुजू झाले. वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, खिडकीतून थेट नॅशनल पार्कचे डोंगर! ही ट्यूटरची नोकरी इथेच काम करणाऱ्या नलिनीने मिळवून दिली. रत्नागिरीला एकत्र शिकलो, तेव्हापासून तिला माझं सगळं ठाऊक. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडपसुद्धा. रोजची गोळी आता तीच दवाखान्यातून पुडीत बांधून आणणार आहे. म्हणाली, कमळ, तू फक्त शिकव.

८ जानेवारी
स्कूलच्या डॉ. विद्याधरांनी त्यांचा संगणक दाखवला. याला कृत्रिम बुद्धी म्हणतात. पडद्यावर हिरव्या अक्षरांत रोगी तक्रार सांगतो, मुली प्रश्न टाइप करतात, उपचार सुचवतात. चुकल्या तर रोगी दगावतो, पण कुणाच्या घरी रडारड होत नाही. मला फार आवडलं. सोळा केसेस भरून झाल्यात. डॉक्टर म्हणाले, पुस्तकातले रोगी यंत्राला अर्धवटच शिकवतात; एक तरी केस खऱ्या माणसावरून, रोजच्या रोज भरायला हवी.

१९ जानेवारी
जिना चढताना धाप लागली. नलिनी म्हणाली, मुंबईची हवा लागली गं तुला. वर्गात मुली माझ्या पायांकडे बघत होत्या. जानकी नावाची मुलगी तर डोळे पुसत बाहेर गेली.

२५ जानेवारी
दोन उशांशिवाय झोपता येत नाही. पावलं सुजलीत, बोट दाबलं की खळगा पडतो. जानकीने जिन्यात गाठून हळूच विचारलं, बाई, सतरावी केस पाहिलीत का?

२७ जानेवारी
पाहिली. स्त्री, एकतीस वर्षं, अविवाहित, नर्सिंग ट्यूटर. लहानपणी संधिवाताचा ताप. पुढे तारखेनिशी धाप, सूज, नाडी. दोन उशासुद्धा. उशांचं मी फक्त नलिनीला सांगितलं होतं.
पहिली ओळ: ५ जानेवारी, औषध बंद.
गोळी चावून पाहिली. माझी गोळी कडू असते. ही गोड —

२८ जानेवारी
नलिनीला विचारलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. रडली. म्हणाली, "तुझी झडप तशीही किती वर्षं टिकणार होती, कमळ? तुझ्यावरून हजार मुली शिकतील गं." मग माझी नाडी मोजली. आकडा लिहून घेतला.

२९
दुसऱ्या मजल्यापर्यंतच उतरू शकले. डॉक्टरांनी उचलून परत आणलं. औषध मागितलं. म्हणाले, मग केस अर्धवट राहील. दाराला बाहेरून कडी —

३०, दुपार
जानकीने दाराआडून सांगितलं, खरी गोळी आणते — आली. मागे सगळा वर्ग, वह्या घेऊन. गोळी कुठे, विचारलं. मान खाली घातली तिने. तीसुद्धा — नलिनी उशाशी बसलीय. केस सारखे करते माझे. म्हणते लिही, थांबू नकोस, आतून कसं वाटतं ते आजवर यंत्राला कुणीच सांगि