चुन्याची रेघ

५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर तू नुसता हो ताई, हो ताई करतोस आणि काम तिथेच राहते. कागदावर माणूस सापडतो, म्हणून कागद.

कामे दोन. पहिले गच्चीवरच्या खोलीचे. विटा येऊन पडल्या, गवंडी मोकळा आहे, नकाशा तेवढा नाही. गवंड्याने त्याच्या ओळखीचा कोणी सुचवला. मी त्याला ठणकावले की माझा सख्खा भाऊ शहरात रेघा आखतो आहे. काखेत कळसा असताना मी गावाला वळसा घालणार नाही. गच्चीची मापे मागच्या बाजूला लिहिली आहेत. ही खोली तुम्हा दोघांसाठी आहे. बावीस वर्षांत तू इथे दोन दिवसांच्या वर टिकला नाहीस, दर वेळी जागा नाही ही सबब. ती सबब मी विटांनी बुजवणार आहे.

दुसरे काम. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी घाई तुला आठवत असेल. आईबापांनी नाव चांगले ठेवले होते, पण परीक्षेत अर्धा पेपर सोडून उठायची म्हणून ती घाईच झाली. तशाच घाईत परदेशी माणसाशी लग्न करून समुद्रापलीकडे गेली. नवरा जमीन मोजायच्या खात्यात मोजणीदार होता, आता निवृत्त आहे. दोघे १८ तारखेला तुमच्या शहरात उतरतील. तुझा पत्ता दिला आहे. संग्रहालय दाखव, जुना पूल दाखव. मात्र माणसे जरा फिरलेल्या डोक्याची आहेत. दर वर्षी एका नव्या शहरात जातात आणि तिथल्या गल्लीबोळांतल्या क्लबांचे फुटबॉलचे सामने बघतात. नामांकित संघांचे नव्हे, ज्यांना शेजारचा मोहल्लाही ओळखत नाही अशांचे. बावीस माणसे एका चेंडूमागे धावताना बघायला समुद्र ओलांडायचा! शाळेत शिकवत असताना मला ते मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसायचे, आणि मी खिडकी लावून घ्यायची.

नकाशा पंधरा दिवसांत हवा. उत्तर पत्रानेच द्यावे. माया आहेच, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
ताई


९ सप्टेंबर

नव्या आजीबाईंस,
जुन्या नवऱ्याचा स. न. वि. वि.

नात तुझ्यावर गेली असे जावईबापूंनी कळवले, म्हणजे आवाज दांडगा असणार. लेकीला अजून महिनाभर तुझा हात लागणार हे समजते, पण या घडीला तू इथे हवी होतीस.

ताईचे पत्र आले आहे. तिला गच्चीवरच्या खोलीचा नकाशा हवा, आणि तो माझ्याकडून. मी शेवटचा नकाशा काढला तो इंजिनियरसाहेबांचे ऑफिस बंद पडले त्या आठवड्यात. मग क्लबच्या सेक्रेटरींनी मैदानावर चार दिवस म्हणून बोलावले, आणि मी ताईला लिहिले की रेघा आखण्याचेच काम मिळाले आहे, जागा मोठी आहे, हवा खेळती आहे. ती समजली मोठे ऑफिस. म्हटले, पुढच्या पत्रात सांगू. ते पुढचे पत्र अजून लिहायचे आहे.

तू म्हणशील, एवढे काय घाबरायचे. अगं, आईबाबांमागे जिने मला वाढवले, कान धरून भूमिती शिकवली, स्वतःचे पुढचे शिक्षण सोडून मला नकाशाच्या कोर्सला घातले, तिला कोणत्या तोंडाने सांगू की मी फुटबॉलच्या मैदानावर चुन्याची गाडी ढकलतो? आता तर तिने गवंड्यालाही माझा अभिमान ऐकवून ठेवला आहे.

त्यातून तिची मैत्रीण नवऱ्याबरोबर येते आहे, आणि त्यांना सामना बघायचाय. परदेशी माणसे आमच्या पायऱ्यांवर आता नवी नाहीत. दर सामन्याला पाच-दहा असतातच, पाठीला पिशव्या लावून. पण ताईच्या बाकावरचे कोणी आजवर आले नव्हते. शहरात चौदा क्लब आहेत, आणि २१ तारखेला सामना एकच, उपांत्य फेरीचा, आमच्याच मैदानावर. रजा टाकीन म्हटले तर रेघा माळीबुवा मारणार, आणि त्यांची रेघ नदीसारखी वळणे घेत जाते.

काय करू ते लगेच कळव. नातीचा पापा घे, उरला तर लेकीला दे.

तुझाच,
घरचा एकटा


९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पाहुण्यांना नक्की भेटेन. संग्रहालय, पूल सगळे दाखवीन.

माझे काम नेहमीसारखेच चालू आहे. २१ तारखेला मोठे काम आहे, सगळ्या रेघा नव्याने मारायच्या आहेत. हल्ली ओल फार धरते, त्यामुळे जपून करावे लागते. नकाशाचे म्हणशील तर कागदावर उतरवायला थोडा अवधी दे. माझा हात आता मोठ्या मापांवर बसला आहे, लहान जमेल की नाही अशी शंका वाटते.

गुडघ्याला शेक देतेस ना? रागावू नये, आणि रागावलीस तरी पत्र बंद करू नये.

तुझा,
धाकटा


१३ सप्टेंबर

अहो आजोबा,
नमस्कार.

एका हाताने पाळणा हलवते आहे, म्हणून थोडक्यात.

बावीस वर्षे तुमचे कपडे मी झटकते आहे. त्यातून निघाला तो चुना निघाला, काळे काही निघाले नाही. ताईंना तुम्ही जितके घाबरता तितके वाघालाही कोणी घाबरत नसेल; पण वाघाला पत्र लिहिता येत नाही, ताईंना येते. दुसऱ्या कोणाकडून कळले तर त्या तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाहीत. तुम्ही स्वतः सांगितलेत तर दोन वर्षांत करतील.

माळीबुवांच्या हातात गाडी देऊ नका. गेल्या वेळी त्यांनी मधल्या वर्तुळाचा बटाटा केला होता.

नात हसते. तुमचा फोटो दाखवला की जास्तच.

मी आहेच पाठीशी, इतक्या लांबून का होईना.
आजी


२१ सप्टेंबर, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. वाचून झाल्यावर काय ते बोल.

मी नकाशे काढत नाही. इंजिनियरसाहेबांचे ऑफिस बंद झाले तेव्हापासून मी एका फुटबॉल क्लबच्या मैदानावर आखणीचे काम करतो. चुन्याची पांढरी फक्की गाडीत भरायची आणि ती ढकलत मैदानाच्या रेघा मारायच्या. हेच माझे रेघा आखण्याचे काम. तुझा समज वेगळा झाला हे मला पहिल्या महिन्यातच कळले होते, पण तुझी निराशा बघवली नसती म्हणून गप्प राहिलो. आज का सांगतो, तेही लिहितो.

घाईताई आणि मोजणीदारसाहेब गुरुवारी आले. शनिवारी मी त्यांना संग्रहालय दाखवले. साहेबांनी सगळी दालने शिस्तीत बघितली, पण डोळे घड्याळावर. बाहेर आल्यावर त्यांनी उद्याच्या सामन्याचे मैदान कुठे ते विचारले. मी रस्ता सांगितला आणि घरी येऊन अंथरुणावर नुसता पडून राहिलो. वाटले होते की ते वेळेवर येतील, तोवर माझ्या रेघा आटपतील आणि मी पायऱ्यांमागच्या खोलीत जाऊन बसेन. पण साहेब दोन तास आधी आले. रिकामे मैदान पाहिल्याशिवाय ते सामना बघतच नाहीत. माझी बाजूची रेघ तेव्हा अर्ध्यावर होती. पळता आले असते, ताई. पण अर्धी रेघ टाकून मला पळवेना. पुरी केली, मग वर बघितले. घाईताई समोर उभ्या होत्या. त्या घाई न करता रेघेच्या अलीकडेच थांबल्या. त्यांच्या बाबतीत हे नवलच.

ही परदेशी माणसे सामना कशी बघतात ते तू एकदा बघायला हवेस. आम्हाला फक्त गोल दिसतो. त्यांना गोलामागची जाळी कुठे शिवली आहे ते दिसते, फळ्यावर आकडे लावणारा म्हातारा दिसतो, कपडे धुणारी बाई बाकावर बसून कोणाच्या गुडघ्यावर माती लागली ते मोजते आहे ते दिसते. साहेबांची वही आहे. बासष्ट मैदाने झाली त्यांची. पायऱ्यांवरच्या आमच्या लोकांनी त्यांना मध्ये जागा करून दिली, संघाचा पट्टा गळ्यात घातला आणि पंचाला द्यायच्या दोन शिव्या शिकवल्या. पहिला गोल झाला तेव्हा साहेब शेजारच्या रिक्षावाल्याच्या गळ्यात पडले, आणि घाईताई आपल्या भाषेत अगंबाई अगंबाई करत पायरीवर उड्या मारत होत्या. तीस वर्षांनी तो शब्द तोंडून निघाला म्हणे.

मध्यंतराआधी आभाळ फुटले. पाच मिनिटे, पण गोलापुढची सगळी आखणी धुऊन गेली. पंच म्हणाले, रेघा नाहीत तर सामना नाही. मी गाडी आणि दोरी घेऊन उतरलो. माळीबुवा दोरीचे टोक धरतात, ते नेमके चहाला गेलेले. तेवढ्यात साहेब कठडा ओलांडून चिखलात आले, गुडघे टेकून टोक धरून बसले. सत्तर वर्षांचा माणूस, पांढरी विजार. मी बारा भागांची, गाठींची दोरी काढली. तीन, चार, पाच अशी ताणून कोपरा काटकोनात बांधला. तसा त्यांनी माझा हात धरला आणि घाईताईंना हाक मारली. त्यांच्या खात्यात आता ती दोरी कोणाला ठाऊक नाही म्हणे. त्यांनाही त्यांच्या आजोबांमुळे माहीत. बारा मिनिटांत आखणी पुरी केली. पायऱ्यांवरचे लोक कठड्याचे पत्रे बडवत होते. खेळाडूंसाठी बडवतात, माझ्यासाठी आजच बडवले.

नंतर साहेबांनी विचारले की ही दोरी मला कोणी शिकवली. मी सांगितले की माझ्या थोरल्या बहिणीने. मी सातवीत भूमितीत नापास झालो तेव्हा तिने कपडे वाळत घालायच्या दोरीला गाठी मारल्या, आणि अंगणात काटकोन आखून झाल्याशिवाय जेवायला वाढले नाही. हे घाईताईंनी त्यांना समजावून सांगितले. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की गुरुवारी त्या तुझ्याकडे उतरणार आहेत, खोटे बोलणार नाहीत, आणि खरे सांगायची हिंमत त्यांच्यात कॉलेजपासून नाही, तेव्हा ते मीच सांगावे.

म्हणून हे पत्र. नकाशा मला जमणार नाही. गवंड्याच्या माणसाकडून काढून घे. ती खोली आमच्यासाठी आहे की नाही, ते आता तूच ठरव.

अंतर देऊ नये एवढेच मागतो.

तुझा,
धाकटा


२६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझे पत्र बुधवारी आले. घाई गुरुवारी आली. म्हणजे तू एका दिवसाने वाचलास. उलट झाले असते तर हे पत्र तुला मिळालेच नसते.

बुधवारी मी दार लावून घेतले. ट्रंकेतून तुझी बावीस वर्षांची पत्रे काढली, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक तपासले. खोटे वाक्य सापडले की खूण करायची असे ठरवले होते. पेन्सिलीला टोक करायची वेळच आली नाही. जागा मोठी आहे, हवा खेळती आहे. आज वर्तुळ छान आले. पाऊस असला की काम थांबवतात. साहेबांनी शिट्टी वाजवली की आम्ही बाजूला होतो. ही पंचसाहेबांची शिट्टी मी कारखान्याचा भोंगा समजले होते. इतकी वर्षे मुलींचे पेपर तपासले, आणि भावाची पत्रे वाचता आली नाहीत. बावीस वर्षे तू मला चुना लावलास, तोही सरळ रेषेत. याबद्दल तू माझ्यापुढे उभा राहून बोलणी खाशील. ती राखून ठेवली आहेत.

आता दुसरे. घाईने आल्या आल्या फोटो काढून टेबलावर ठेवला. तिचा नवरा चिखलात गुडघे टेकून दोरी धरून बसला आहे, आणि तू गाडी ढकलतो आहेस. पाठ ताठ आहे. तुझी पाठ इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. माझ्यासमोर तू नेहमी वाकूनच असतोस, आणि त्याला कारण मीच असणार. रेघेवर पट्टी ठेवून पाहिली. सरळ आहे.

मोजणीदारांनी वही दाखवली. बासष्टाव्या मैदानाचे पान घाईने मला वाचून दाखवले. सामना कोणी जिंकला ते त्यात लिहिलेलेच नाही. सगळे पान तुझ्या कोपऱ्यावर आहे, आणि खाली दोरीचे चित्र. त्या माणसांना मी फिरलेल्या डोक्याची म्हटले होते, ते शब्द मागे घेते. एवढ्या लांबून येऊन त्यांनी तुझे काम पाहिले. मी चार तासांवर राहते, आणि पाहिले नाही. शहरातली गर्दी सोसत नाही, ही माझी सबब. तुझी जागेची, माझी गर्दीची. दोघे एकाच आईची लेकरे. पुढचा सामना कधी ते कळव. पायऱ्यांवर बसेन. शिव्या शिकणार नाही.

शेजारणीला आजच सांगितले की माझा भाऊ फुटबॉलच्या मैदानावर रेघा मारतो. तिने तोंड वाकडे केले. मी तिला विचारले की तिच्या इंजिनियर भावाचे काम बघायला परदेशातून कोण आले होते. त्यावर तिला गॅसवरचे दूध आठवले.

नकाशाचे गवंड्याशी बोलले. तो म्हणाला, कागदावरचे त्याला तसेही धड कळत नाही. कोणी जागेवर आखून दिले तर भिंत केसाइतकीही हलणार नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात शनिवारी ये. गच्ची धुऊन ठेवते. खोली तिथेच आखायची, पूर्ण मापात, दार कुठे ते तू ठरवायचे. आजीबाई परतल्या की त्यांना त्याच खोलीत उतरवू.

माया आहे. या वेळी लिहिली आहे, नीट वाच.

तुझी,
ताई

ता. क. ती दोरी माझ्याकडे आहे. गाठी अजून सुटलेल्या नाहीत. चुना तू आण.