शिवलेलं लुगडं

१७ नोव्हेंबर, सोमवार

रत्नप्रभाबाई दारात! अकरा वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या मजल्यावरची हीच ती बाई, जिने सासूच्या मासळीच्या पाटीचा वास जिन्यात येतो म्हणून सोसायटीत दोनदा अर्ज दिला. आमच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावते. आज हसतेय! नातीच्या शाळेत गॅदरिंग आहे, कोळी डान्स आहे, मुलींना दहा 'रेडिमेड लुगडी' हवीत. "तुम्ही शिवता ना हो? आणि तुमच्यात तर घरचंच आहे!"

घरचंच! वास मात्र घरचा नको.

तरी हो म्हणाले. साकीनाक्याचा शिलाईचा कारखाना बंद झाल्यापासून नुसत्या उशांच्या खोळी शिवतेय. कंटाळा आलाय.

१९ नोव्हेंबर

पहिलं तयार. निऱ्या शिवून पक्क्या, काष्टा मागे टाचलेला, कमरेला इलॅस्टिक. पाय घालायचे, वर ओढायचं, झालं. प्रितमने फोटो काढला. "ऑनलाइन टाक ना यार! बायकांच्या मापातपण शिव. पेज मी बनवतो." नवऱ्याला सगळं सोपं वाटतं. शिवणार मी, बोलणी खाणार मी.

पण डोक्यात बसलंय. घरबसल्या, स्वतःचं, वर कुणी सुपरवायझर नाही.

२० नोव्हेंबर

म्हातारीने बघितलं. बाजारातून आली, पाटी ठेवली आणि लुगडं दोन बोटांत उचललं — नासका बोंबील उचलावा तसं! "लुगरा नेसाचा, शिवाचा नाय. जिला नेसता येत नाय तिनं घालाचा कशाला? माज्या घरान ह्यो तमाशा नको."

माझ्या घरात! मी कोकणातल्या गिरणीवाल्याची मुलगी, कोळ्यांच्या घरात आले, हा राग अजून गेला नाही. अकरा वर्षांत लुगडं नेसायला शिकवलं नाही मला. हळदीला सगळ्या जावा-नणंदा लुगड्यात, मी एकटी साडीत. जे काही शिवलं ते दाराच्या फटीतून तिला नेसताना बघून बघून.

हल्ली तेही बंद. दिवाळीपासून सकाळी दार लावून घेते. अर्धा अर्धा तास! मी बघू नये म्हणून. एवढा खुनशीपणा कुठून आणते ही बाई?

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रितमने फोटो एका बायकांच्या ग्रुपवर टाकून बघितला. पेज सुरू करायचं की नाही ते ठरवू म्हणे. भरपूर जणींनी विचारलं. एकीचा प्रश्न — "मासळीचा वास येणार नाही ना?" पुढे हसरा चेहरा.

शिवी टाइप केली. पुसली. असल्यांना विकायचं? सासू पाटी घेऊन गेली तर नाक मुरडणार आणि स्टेजवर तिचंच लुगडं घालून कंबर हलवणार!

सगळ्यात जास्त राग म्हातारीचा आला. ती बरोबर बोलली म्हणून.

२४ नोव्हेंबर

नाही टाकणार. संपलं.

२६ नोव्हेंबर

म्हातारी बाजारात गेली नाही. एरवी पहाटे निघते, काल नवाला निघाली, आज गेलीच नाही. मॅक्सी घालून खाटेवर. "आंग दुकतंय." मला कळत नाही का? ताप नाही, खोकला नाही. राखण चाललीय माझ्यावर! मशीन चालू केलं की टक लावून बघत बसते. सुई बोटात घुसली माझ्या.

३० नोव्हेंबर, रविवार

वाट लावली! विकायचं नाही म्हटलं तरी हात थांबेनात, बायकांच्या मापाचा एक नमुना शिवला होता. काल घडी करून मशीनवर ठेवला. आज बघते तर घडी मोडलेली, इलॅस्टिक ताणलेलं, उजव्या बाजूचे टाके उसवलेले.

प्रितमसमोरच विचारलं, "आई, हात कुणी लावला ह्याला?" म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणजे तिनेच! प्रितम म्हणतो, "जाऊ दे गं, जुनी माणसं." जाऊ दे? माझं काम फाडलं तिने! बाजारात एक बोंबील कुणी दाबून बघितला तर हात झटकते!

टाके परत घातले. जेवले नाही.

२ डिसेंबर

रत्नप्रभाबाई दहा लुगडी घेऊन गेली. पिशवीत नाक घालून हुंगली. माझ्यासमोर! ह्या बाईला परत चिंधीसुद्धा शिवून देणार नाही.

पण ऑनलाइन विकणार. ठरलं. गुरुवारी प्रितमला सुट्टी आहे, तेव्हा पेज सुरू. म्हातारीच्या नाकावर टिच्चून! घर तिचं असेल, हात माझे आहेत.

४ डिसेंबर, गुरुवार

प्रितम अंघोळीला गेला होता. आईंच्या खोलीचं दार उघडं. खाटेवर बसलेल्या, लुगडं अर्धंच गुंडाळलेलं, काष्ट्याचं टोक लादीवर. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डावा हात मागं जात नाय. दिवालीपासून. काष्टा खोचाला जमत नाय. त्या दिशी तुजा घालून बगितला — यका हातानं वडला, टाकं गेलं." लादीवरचं टोक उचलून मांडीवर घेतलं. "मना यक शिव. बाजारान जाला पायजे. परितमला सांगू नको."

टेप आणली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कमरेला हात लावला. कंबर अठ्ठावीस. लुगड्यात केवढ्या भरदार दिसायच्या! परत मोजली. अठ्ठावीसच.