कोरड्या तळघरांचे मित्र

१८ सप्टेंबर, शनिवार

फायर स्टेशनच्या पॅनकेक नाश्त्याला भाषण केलं. चार मिनिटं. काउंटीच्या नाले-कमिशनरची निवडणूक मी अपक्ष लढवतोय आणि जाहिरातीवर एक सेंटही खर्च करणार नाही, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. माझे बूट हीच माझी जाहिरात, म्हटलं. टाळ्या पडल्या. वीस वर्षं त्या खुर्चीला चिकटलेला मर्ल कूयर्स, त्यानेही वाजवल्या. घाबरलाय.

ठराव: रोज चाळीस घरं. पायी.

२० सप्टेंबर, सोमवार

नऊ घरं. चार बंद, एकात कुत्रा. एका बाईने विचारलं, नाले-कमिशनर म्हणजे मर्लच ना? मी म्हटलं, ते पदाचं नाव आहे, माणसाचं नाही. म्हणाली, असं होय, बरं, मर्ल भेटला तर आठवण काढली म्हणून सांगा.

२३ सप्टेंबर, गुरुवार

टाचेला फोड. बूट चांगले आहेत, रस्ते वाईट आहेत. लोर्नाने गरम पाण्यात मीठ घालून दिलं आणि लगेच तळघराचा विषय काढला. दोन वर्षांत दोनदा पाणी भरलं, आईच्या हातच्या गोधड्या कुजल्या, मागचा नाला कुणीतरी येऊन बघायला हवा, वगैरे. अडतीस वर्षांच्या संसारात एवढी चिकाटी तिने दुसऱ्या कशात दाखवलेली नाही. मी म्हटलं, लोर्ना, आत्ता नको, डोक्यात काउंटीभरच्या नाल्यांचा विचार चाललाय.

२७ सप्टेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. मी म्हणालो होतो, *मी* खर्च करणार नाही. उद्या नागरिकांनीच उत्स्फूर्तपणे एकत्र येऊन माझी जाहिरात केली, तर मी त्यांना अडवणारा कोण?

म्हणून आज गावच्या रेडिओ स्टेशनवर जाऊन नागरिक एकत्र आणले. संस्थेचं नाव 'कोरड्या तळघरांचे मित्र'. चाळीस जाहिराती, पैसे रोख. बोटीच्या नव्या इंजिनासाठी ठेवले होते, पण बोट वल्ह्यानेही चालते.

स्टेशनच्या ऑफिसात बेव्ह ऑस्ट्रँडर असते. तिने फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाली, पदाधिकारी कोण? मी हा विचार केला नव्हता. अध्यक्ष म्हणून लोर्ना होक्झेमा लिहिलं. लोर्नाचं माहेरचं नाव. भारदस्त वाटतं. सचिव, खजिनदार, तीच.

बेव्ह म्हणाली, हार्लन, हा कागद त्या कॉफी मशीनच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये राहणार. राजकीय जाहिरात कुणी घेतली, किती वेळा, किती पैशांत, सगळं. ऑफिसच्या वेळात कुणीही येऊन वाचू शकतं. का वाचायचंय हे आम्ही विचारायचंही नाही, असा कायदा आहे. मी विचारलं, आजवर किती जण आले? तिने बराच वेळ आठवून पाहिलं. एक, म्हणाली. त्याला बाथरूम हवं होतं.

कायदा उत्तम आहे. लोकशाहीला अशा ड्रॉवरची गरज असते.

१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.४०

पहिली जाहिरात वाजली. सकाळच्या निवेदकाचा आवाज, वाक्यं माझी. "आपल्या काउंटीला हवा एक कोरडा माणूस. हार्लन व्रेडेव्हेल्ड." लोर्ना अंडी परतत होती. हात थांबला तिचा. संस्थेचं नाव ऐकून म्हणाली, हे कोण लोक? मी म्हटलं, असतील कुणी जाणकार. तिने रेडिओचा आवाज वाढवला.

५ ऑक्टोबर, मंगळवार

लोर्नाने आज विचारलं, त्या कोरड्या तळघरवाल्यांचं सभासद व्हायचं तर कुठे जायचं? म्हणाली, मला वाटायचं आपल्या एकट्यांचंच घर बुडतंय, पण संस्था निघाली म्हणजे आणखीही असणार. चेहरा खुलला होता. मी म्हटलं, सभासद-नोंदणी बंद झाली असं ऐकलं.

प्रसंगावधान. पुढाऱ्याला लागतं.

७ ऑक्टोबर, गुरुवार

लोर्ना रेडिओ स्टेशनवर गेली होती.

दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने झेरॉक्स ठेवली. माझं अक्षर तिला लांबूनही ओळखू येतं. ओरडली नाही. तिने ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, अडतीस वर्षांत माझं पूर्ण नाव तू पहिल्यांदा लिहिलंस, हार्लन, आणि तेही मागे लपायला.

मी संस्थेची उद्दिष्टं समजावू लागलो. तोवर ती वर निघून गेली होती.

ठराव: फुलं आणणे.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

फुलांचं दुकान लांब आहे. टाच अजून बरी नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवसांनी लोर्ना बोलली. म्हणाली, मी अध्यक्ष आहे ना? कागदावर तसंच आहे ना? मी हो म्हटलं. मग गुरुवारी लायब्ररीत बैठक आहे, म्हणाली.

रुसवा गेला. कामाला लागली. शेवटी बायको कुणाची!

१४ ऑक्टोबर, गुरुवार

चौतीस लोक. चौतीस. माझ्या संस्थेला. प्रत्येकाचं तळघर वेगळ्या कारणाने ओलं. लोर्नाने दोन्ही उमेदवारांना बोलावलं होतं. मी आधी बोललो, बावीस मिनिटं, दूरदृष्टी या विषयावर. मग मर्ल उठला. काखेत गुंडाळलेला नकाशा, पायात चिखलाचे गमबूट. म्हणाला, मी येता येता तुमच्या रस्त्यामागे जाऊन आलो, नाल्यावरच्या मोरीचा पाइप चेपलाय, पाणी उलटं फिरतं. दोन वर्षं हे मला कुणी सांगितलंच नाही. लोर्ना म्हणाली, मी घरी सांगत होते.

सगळे माझ्याकडे बघू लागले. ओळख वाढतेय.

१८ ऑक्टोबर, सोमवार

कानावर आलं की संस्था जाहिरात बदलतेय. ताबडतोब स्टेशनवर. बेव्हला म्हटलं, उरलेल्या चोवीस जाहिराती थांबव. तिने ड्रॉवर उघडून फॉर्म काढला, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाली, तुझं नाव यात कुठेच नाही. मी म्हटलं, पैसे मी दिलेत. ती म्हणाली, हो, ते मात्र सांगावं लागतं, पैसे कुणी दिले ते खरं सांगितल्याशिवाय आम्ही वाजवत नाही. लोर्नाने सांगितलंय. फॉर्म दुरुस्त करून गेली परवाच.

सांगितलंय म्हणजे कुठे, विचारलं. उद्या रेडिओ लाव, म्हणाली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.४०

लोर्नाचा स्वतःचा आवाज. जाहिरात जशीच्या तशी उतरवून घेतो:

"मी लोर्ना होक्झेमा व्रेडेव्हेल्ड. आमचं तळघर दोनदा बुडालं. मर्ल कूयर्सला कळलं आणि तो त्याच दिवशी बघून गेला. कोरड्या तळघरांच्या मित्रांचं मत मर्लला. या जाहिरातीचे पैसे माझ्या नवऱ्याने दिले आहेत. तोही उभा आहे."

आवाज छान लागतो तिचा रेडिओवर. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

२४ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतरच्या कॉफीला चौघांनी खांदा थोपटला. एकाने माझे बूट बघायला मागितले. मर्ल स्वतः आला, हात हातात घेऊन म्हणाला, हार्लन, वीस वर्षांत माझी जाहिरात करायला पहिल्यांदाच कुणी पैसे खर्च केले बघ, आभारी आहे. टोमणा असेल म्हणून नीट निरखून पाहिलं. नव्हता. मनापासून म्हणाला.

हिशोब मात्र माझ्या बाजूने आहे. दिवसाला दोनदा माझा उल्लेख. नाव घेत नाही, 'नवरा' म्हणते, पण नवरा कोण हे अख्ख्या काउंटीला माहीत.

२ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान. लोर्नाला गाडीने नेलं. परतताना विचारलं, कुणाला दिलंस? म्हणाली, रेडिओवर सांगितलंय.

३ नोव्हेंबर, बुधवार

मर्ल ९,४८०. मी २११.

फेरमोजणीचा विचार केला. नको. २११ हा पाया आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

मर्लच्या माणसांनी मागची मोरी उकरून नवा पाइप टाकला. काल दिवसभर पाऊस झाला, तळघरात थेंब नाही. लोर्ना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बराच वेळ कोरड्या जमिनीकडे बघत होती. मीही वरच्या पायरीवर जाऊन बसलो. म्हटलं, मी ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, हो. उठ मात्र म्हणाली नाही.

आज मित्रांची बैठक आमच्याच दिवाणखान्यात. आता बेचाळीस सभासद. मी त्रेचाळिसावा होण्यासाठी अर्ज दिला, सगळे रकाने खऱ्या नावानिशी भरले. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला आणि मला चर्चेपुरतं स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं. चर्चा लांबली. मधे एकदा हसण्याचा आवाज आला, म्हणजे वातावरण अनुकूल होतं.

निर्णय डिसेंबरवर ढकललाय. तोवर मला बैठकीला यायला परवानगी आहे, कॉफी घेऊन.